मुलीने मी सांगितलेला अर्थ लिहिला, चारपैकी दीड गुण मिळाले. आमचं काय चुकलं?

हंसपद (बदलापूर)

नमस्कार. प्रश्न जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

मी फोर्टातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. शिक्षण मराठी माध्यमात, बी.ए.सुद्धा मराठी घेऊन. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण लिहायची वेळ फारशी आली नाही.

मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिला इंग्रजीच्या 'युवकभारती'त दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' ही कविता आहे. ऑगस्टमध्ये एका रात्री मी साडेदहाला घरी पोचलो. दिवाळी अंकांची प्रुफं पावसाळ्यातच येतात, त्यामुळे हे दोन-तीन महिने आम्हाला रोज उशीर होतो. ती टेबलाशी बसून गाईडमधून रसग्रहण उतरवून घेत होती. मी सहज पुस्तक उचललं आणि ओला शर्ट न बदलता तिथेच उभ्याने ती कविता वाचली. मग पुन्हा वाचली. बायको दोनदा म्हणाली, आधी कपडे बदला.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यातली रात्र, उशिराची लोकल, पिवळा उजेड, गप्प उभे असलेले प्रवासी. त्यात कवीचे वडील. शर्ट-पँट भिजलेली, काळ्या रेनकोटवर चिखल, पुस्तकांनी फुगलेली बॅग फाटायला आलेली. गाडीतून उतरतात, घाईघाईने फलाट पार करतात, रूळ ओलांडून गल्लीत शिरतात. घरी पांचट चहा, शिळी चपाती, हातात पुस्तक. मग संडासात जाऊन विचार करत बसतात. बाहेर येऊन बेसिनशी थरथरतात. मुलं त्यांच्याशी मोकळी बोलत नाहीत. शेवटी रेडिओची खरखर ऐकत झोपी जाणार, आणि स्वप्नात पूर्वज, नातवंडं, एका अरुंद खिंडीतून उपखंडात शिरणारे भटके लोक.

गाईडमध्ये लिहिलं होतं की वडील म्हणजे एकटे पडलेले, दुर्लक्षित वृद्ध. गाडीतून उतरताना ते 'लांब वाक्यातून गळलेल्या शब्दासारखे' दिसतात, म्हणजे त्यांना काही महत्त्व उरलेलं नाही. संदेश: आपण वडीलधाऱ्यांची काळजी घ्यावी.

मला हे पटेना. मी मुलीला तीन गोष्टी सांगितल्या.

एक, गळलेला शब्द बिनमहत्त्वाचा कसा? माझं पोट त्याच्यावर चालतं. प्रूफ वाचताना चुकलेली वेलांटी एक वेळ निसटेल, पण शब्द गळला की वाक्य लंगडतं आणि डोळा तिथे थांबतोच. मग आपण हंसपद, म्हणजे गळलेली जागा दाखवणारी खूण, करून वर तो शब्द लिहितो. गळलेला शब्द म्हणजे ज्याच्यावाचून वाक्य पुरं होत नाही तो शब्द.

दोन, त्यांना बाहेरची उपनगरं दिसत नाहीत म्हणजे ते हरलेले आहेत असं नाही. मी रोज दोन्ही वेळचा मिळून तीन तास गाडीत असतो. डोळे मिटलेले असले तरी खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलतो आणि ठाणं मागे पडलं हे कळतं. रोजच्या माणसाला बघावं लागत नाही.

तीन, अरुंद खिंड म्हणजे मला तर लोकलचा दरवाजाच वाटला. डोंबिवलीला सकाळी माणसं आत शिरतात ते ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागणार नाही.

मुलीने ते मनापासून स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं. चाचणीत चारपैकी दीड. बाईंनी खाली लिहिलंय, 'हे तुझ्या घराबद्दल झालं, कवितेबद्दल नाही.' शिवाय व्याकरणाच्या लाल खुणा अकरा. मुलगी चिडली नाही. इतकंच म्हणाली, "बाबा, बोर्डाला मी गाईडमधलंच लिहीन." हेच मला फार लागलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कवितेचा अर्थ आपल्या आयुष्यातून लावणं चूक आहे का? आणि तिचं इंग्रजी लेखन सुधारायला मी, माझ्यासारख्या माणसाने, घरी काय करावं?

---

पेपर_तपासनीस

तुमची तळमळ कळते, पण वस्तुस्थिती सांगतो. लेखी पेपर ऐंशी गुणांचा, त्यात रसग्रहण चार गुणांचं. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. प्रश्नात मुद्दे दिलेले असतात: कवी आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, भाषा आणि अलंकार, संदेश, स्वतःचं मत. प्रत्येक मुद्द्यावर दोन वाक्यं दिसली की गुण पडतात. तुमच्या मुलीने पहिले मुद्दे सोडून थेट मतावर उडी मारली असणार, म्हणून दीड. मुद्द्यांचा सांगाडा गाईडमधून घ्यायला हरकत नाही. मत मात्र तिचं तिने लिहावं, ती जागा त्यासाठीच ठेवलेली आहे.

---

निवृत्त_बाई (सांगली)

हंसपद, नमस्कार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ही कविता शेवटची काही वर्षं माझ्या वर्गातही होती. तुमचा प्रश्न वाचून पुस्तक काढलं आणि पुन्हा वाचली, कारण प्रूफ वाचणारा माणूस ही उपमा वाचतो तेव्हा काय होतं हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या मुलीच्या बाईंवर रागावू नका. त्यांनी लिहिलेलं वाक्य तोडणारं वाटतं, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. आपल्या आयुष्यातून अर्थ सुचतो. तो सुचलाच पाहिजे, नाहीतर कविता वाचायची कशाला? पण सुचलेला अर्थ परत घेऊन जायचा आणि कवितेतल्या कुठल्या तरी शब्दावर बोट ठेवून विचारायचं, तू याला जागा देतोस का? देत असेल तर तो अर्थ लिहायचा. मी वर्गात खरंच बोट ठेवायला लावायची. पुस्तकाच्या कागदावर, त्या शब्दावर. ज्याचं बोट हवेत राहिलं त्याने खाली बसायचं.

तुमचे तिन्ही अर्थ असे तपासून पाहू.

खिंड आणि लोकलचा दरवाजा. इथे बोट हवेत राहतं. शब्द 'सबकॉन्टिनेंट' आहे, 'नोमॅड्स' आहे. प्राचीन काळी वायव्येकडून, खैबरसारख्या खिंडीतून आलेल्या टोळ्यांकडे ती ओळ बघते. झोपेत त्या माणसाचं मन हजारो वर्षं मागे पूर्वजांकडे आणि पुढे नातवंडांकडे जातं. मधली पिढी, म्हणजे घरात बसलेली मुलं, तेवढी त्या स्वप्नात नाहीत. हे तुमच्या मुलीने लिहिलं तर कुठलेही बाई खूश होतील. दरवाजाची आठवण तिला ठेवायचीच असेल तर शेवटी स्वतःच्या मतात, 'मला आठवलं' अशा शब्दांत लिहावी. 'कवीला म्हणायचंय' असं लिहू नये.

न बघणारे डोळे. इथे अर्ध बोट टेकतं. खाडीवर आवाज बदलतो ही तुमची गोष्ट खरी आहे, आणि सवयीने बघणं थांबतं हा अर्थ 'अनसीइंग' या शब्दात बसतो. पण तीनच ओळींनंतर कवी त्याच डोळ्यांना वयाने मंदावलेले म्हणतो. म्हणजे सवय आणि थकवा दोन्ही आहेत. नुसती सवय म्हटलं तर ती दुसरी ओळ तुमच्या विरुद्ध उभी राहते. आपल्या अर्थाच्या विरुद्ध जाणारी ओळ शोधायची आणि तिला उत्तर द्यायचं, ही सवय लागली की लेखन आपोआप भारदस्त होतं. माझ्या वर्गातल्या मुलांना सगळ्यात जड हेच जायचं. पटणाऱ्या ओळी सगळ्यांना सापडतात.

आणि गळलेला शब्द. इथे तुमचं बोट घट्ट टेकलेलं आहे, गाईडचं नाही. 'ड्रॉप्ड' या शब्दाचे दोन्ही अर्थ घ्या, गाडीतून उतरलेला आणि वाक्यातून गळलेला. गाडी म्हणजे लांब वाक्य. एक शब्द गळला तरी ते पुढच्या स्टेशनकडे निघून जातं, त्याला काही जाणवत नाही. इथवर गाईड बरोबर आहे. पण शब्द गळला हे कोणाला तरी दिसल्याशिवाय तो 'गळलेला' ठरतच नाही. इथे कोणाला दिसतं? त्या उपमेच्या अगदी आधीची ओळ वाचा. 'नाऊ आय कॅन सी हिम.' आतापर्यंत कवितेत फक्त वडील होते. 'मी' पहिल्यांदा तिथे येतो, आणि लगेच ती उपमा येते. तुम्ही ज्याला हंसपद म्हणता ते तिथे आहे. मुलगा ते करतोय.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत पण तुमच्या बाजूचं आहे ते सांगते. दुसऱ्या कडव्यात ते संडासात जाऊन कशाचा विचार करतात? माणसाने घडवलेल्या जगापासून माणूस दुरावतो त्याचा. गाईडं ही ओळ लाजून सोडून देतात. माझ्या वर्गात हशा व्हायचा. मी हसू द्यायची आणि मग विचारायची, तुमच्या घरात दार लावून एकटं बसता येईल अशी दुसरी कुठली जागा आहे? दोन खोल्यांत वाढलेली मुलं होती, लगेच गप्प व्हायची. केवढा जड विचार आणि कुठली जागा! हा माणूस बिचारा नाही. तो विचार करणारा आहे आणि त्याला विचार करायला घरात जागा नाही. पुस्तकांनी फाटायला आलेली बॅग, चहाबरोबर हातात पुस्तक, आणि ही ओळ. तीन ठिकाणी बोट टेकतं.

तुम्ही रोजचे प्रवासी, म्हणून आणखी एक. 'हरीज' हे क्रियापद पहिल्या कडव्यात दोनदा आलंय. फलाटावर घाई, आणि चपला चिखलाने चिकटत असतानाही घाई. चोवीस ओळींची कविता, बारा-बाराची दोन कडवी, पहिलं रस्त्यावरचं आणि दुसरं घरातलं. पहिलं घाईत संपतं. दुसरं कशाने सुरू होतं? पांचट चहा, शिळी चपाती. घाई कशासाठी होती? मधल्या कोऱ्या जागेत कवीने हा प्रश्न ठेवलाय आणि त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

कवीबद्दल दोन ओळी लागतातच, त्या अशा लिहिता येतील. चित्रे 1938 साली बडोद्यात जन्मले, 2009 साली पुण्यात गेले, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहायचे, तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले. त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे 'अभिरुची' हे वाङ्मयीन नियतकालिक काढायचे. पुस्तकांच्या बॅगेपाशी ही माहिती आठवते, पण कवितेतले वडील म्हणजे तेच असं ठोकून देऊ नये.

---

गोदाकाठ (नांदेड)

काका, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, आता एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थाबद्दल मॅडमनी सांगितलंय, मी फक्त लिहिण्याबद्दल सांगतो, कारण अकरा लाल खुणांवरून मला माझी बी.ए. पहिल्या वर्षाची वही आठवली.

माझं प्रत्येक वाक्य 'द पोएट वॉन्ट्स टू से दॅट' असं सुरू व्हायचं. सरांनी एकदा पानभर तेवढेच शब्द खोडले आणि वही परत दिली. खोडल्यावर जे उरलं तेच माझं म्हणणं होतं! त्या दिवसापासून ते वाक्य मी स्वतःवर बंद केलं. मग दुसरी क्रियापदं शोधावी लागली. शोज, हाइड्स, रिपीट्स, रिफ्यूजेस, टर्न्स. कवी किंवा शब्द काय *करतो* ते लिहायचं. मी वहीच्या मागच्या पानावर अशी क्रियापदं जमवायला लागलो. कुठे वाचताना दिसलं की टिपायचं. वर्षभरात साठेक झाली असतील. मला गाईडपेक्षा त्या पानाचा जास्त उपयोग झाला.

दुसरं, काळ. आपण मराठीत म्हणतो 'वडील घरी येत आहेत', म्हणून इंग्रजीत 'फादर इज कमिंग' लिहितो. मग पुढच्या ओळीत 'केम', त्याच्या पुढे 'ही वॉज ड्रिंकिंग'. कवितेबद्दल लिहिताना साधा वर्तमानकाळ धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. कम्स, ड्रिंक्स, ट्रेम्बल्स. मला वाटतं ताईच्या अकरापैकी चार-पाच खुणा याच्याच असतील. उरलेल्यांत 'ए' आणि 'द' असणार. आपल्या भाषेत ते नाहीतच, त्यामुळे कानाला खटकत नाहीत. त्यासाठी नियम पाठ करून मला काही फायदा झाला नाही. लिहिलेलं हळू, मोठ्याने वाचून प्रत्येक नामापाशी थांबलो तेव्हा झाला.

तिसरं, हे काही शिक्षकांना आवडणार नाही. मी आधी मराठीत विचार लिहितो. वाक्यं लिहीत नाही, कवितेच्या प्रत्येक ओळीसमोर समासात एक शब्द. 'भिजलेला.' 'घाई.' 'पांचट.' 'गप्प.' मग पुस्तक बंद करून तेवढ्या शब्दांवरून थेट इंग्रजीत लिहितो. मराठी वाक्यं लिहून त्यांचं भाषांतर केलं की इंग्रजी अवघडतं. एकेका शब्दावरून लिहिलं की नाही अवघडत.

आणि काका, तुम्हाला इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून तुम्ही मदत करू शकणार नाही असं समजू नका. तिने लिहिलेलं वाक्य वाचून फक्त विचारा, 'हे कुठल्या शब्दावरून?' आमच्या घरी असं विचारणारं कोणी नव्हतं. मला ते कॉलेजात जाऊन मिळालं.

---

हंसपद (बदलापूर)

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, एका अंकाची शेवटची प्रुफं होती.

पेपर_तपासनीस, तुम्ही म्हणता तसंच झालं होतं. कवी, शीर्षक, अलंकार यावर तिने काहीच लिहिलं नव्हतं. पहिल्याच वाक्यात माझे बाबा लोकलने जातात असं होतं. वाचलं तेव्हा मला आनंद झाला होता, म्हणून ते चुकतंय हे मला दिसलं नाही.

बाईंचं उत्तर मी छापून नेलं. रविवारी दुपारी आम्ही दोघं बोट ठेवायला बसलो. सुरुवातीला ती माझं मन राखण्यासाठी बसली होती, हे कळत होतं. अर्ध्या तासाने दुसऱ्या कडव्यात एका ओळीवर तिचं बोट थांबलं आणि तिने विचारलं, "बाबा, ही छपाईची चूक आहे का?"

ओळ मुलांची होती, वडिलांशी विनोद आणि गुपितं वाटून घ्यायला नकार देणारी. तिचं म्हणणं असं. पहिला शब्द 'माय' आहे, माझे वडील. नंतर 'आय' आहे, मी त्यांना बघतो. मग इथे 'हिज चिल्ड्रन' कसं? त्यांची मुलं म्हणजे कोण? सांगणारा त्यांचाच मुलगा ना? मग 'आम्ही' यायला हवं होतं.

मी मूळ पान पाहिलं, नेटवर दोन ठिकाणी पाहिलं. चूक नाही, 'हिज'च आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला 'आम्ही' लिहिता आलं नसेल." आणि उठून आत गेली.

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांतली सर्वनामं जुळवतोय. नामाशी सर्वनाम जुळलं नाही की खूण करायची, हे हाताला वळण आहे. आणि ही कविता मी तोपर्यंत दहा वेळा तरी वाचली असेल. मला ते दिसलं नव्हतं. मी सगळा वेळ वडिलांकडेच बघत होतो. तिने मुलाकडे बघितलं.

बाई, हे तिने लिहिलं तर चालेल का? की इथेही बोट हवेत आहे?

---

निवृत्त_बाई (सांगली)

हंसपद, बोट घट्ट टेकलेलं आहे. इतकं की मी संध्याकाळचा फेरफटका सोडून हे लिहायला बसले आहे.

तिला सांगा, त्याच वाक्यात आणखी दोन आधार आहेत. संपूर्ण कविता वर्तमानकाळात चालते, येतात, ओलांडतात, पितात. फक्त इथे क्रियापद मागे जातं: 'हॅव ऑफन रिफ्यूज्ड'. आज रात्री नकार दिला असं नाही, आजवर बरेचदा दिला. 'ऑफन' या शब्दात किती वर्षं आहेत ते कवी सांगत नाही. आणि त्या वाक्याचा पूर्णविराम ओळीच्या मधेच पडतो. त्याच ओळीत लगेच पुढचं वाक्य, आता ते झोपतील. भविष्यकाळ. कबुली अर्ध्या ओळीवर तोडून तो विषय बदलतो. मोठ्याने वाचून बघा, आवाज तिथे अडतो.

'सलन' हा शब्दही त्याने स्वतःच निवडलाय. घुम्या, तोंड पाडून बसणाऱ्या मुलांसाठी. स्वतःला 'मी' म्हणायचं टाळलं, पण स्वतःबद्दलचं विशेषण मऊ केलं नाही.

एक खबरदारी घ्या. तिने हे असं लिहावं: 'सांगणारा सुरुवातीला माय म्हणतो, इथे हिज म्हणतो, यातून तो स्वतःला त्या मुलांपासून वेगळं ठेवतो असं मला वाटतं.' आधी दिसणारी गोष्ट, मग आपला अर्थ, आणि अर्थ आपला आहे हे कबूल करणारे दोन शब्द. चारपैकी किती मिळतील सांगू शकत नाही. मी तपासत असते तर तो पेपर बाजूला काढून स्टाफरूममध्ये वाचून दाखवला असता.

---

गोदाकाठ (नांदेड)

मॅडम, काका, आमच्या वर्गात ही कविता बी.ए.लाच चर्चेला आली होती. 'हिज'वर कोणी थांबलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ताईला सांगा, वहीच्या मागच्या पानावर 'विदहोल्ड्स', म्हणजे हातचं राखून ठेवतो, हे क्रियापद लिहून ठेव. इथे तेच हवंय.

---

हंसपद (बदलापूर)

तिने काल पुन्हा लिहिलं. पहिला परिच्छेद मुद्द्यांप्रमाणे सरळ. कवी, शीर्षक, दोन कडवी, उपमा. दुसरा परिच्छेद फक्त त्या एका ओळीवर. 'विदहोल्ड्स' वापरलंय. 'वॉन्ट्स टू से' एकदाही नाही. लिहिलेलं मला वाचायला दिलं, हे पहिल्यांदाच. नामापाशी थांबत थांबत वाचलं. तीन ठिकाणी 'द' गळला होता. कॉलेजच्या वहीत खुणा करायला नको म्हणून कच्च्या कागदावर हंसपदं केली आणि तिला ती खूण कशी काढायची ते दाखवलं. सोमवारी ती बाईंना दाखवणार आहे. गुणांसाठी नाही, बघा एवढंच म्हणून.

एक गोष्ट राहिली. रेडिओवरचं 'स्टॅटिक' म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. कोशात बघून तिने 'खरखर' असं लिहून घेतलं होतं, पण तो आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. तिच्यासाठी गाणं लागतं किंवा लागत नाही, मधलं काही नसतं. माळ्यावर माझ्या वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर होता. त्याला सेल घातले आणि काटा मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे आणून ठेवला. ती कान लावून ऐकत बसली. मधेच एखादा शब्द यायचा आणि जायचा, कुठल्या भाषेतला तेही कळत नव्हतं.

"हे ऐकत कोणी झोपेल का?" तिने विचारलं.

माझे वडील झोपायचे. स्टेशन संपलं तरी बंद करायचे नाहीत, आणि मी उठून बंद केला की जागे व्हायचे. हे मी तिला सांगितलं. याआधी कधी सांगितलं नव्हतं. ते मिलमध्ये होते, कधी झोपायचे, कधी उठायचे, मग मिल बंद पडली त्या वर्षी काय झालं, असं सगळं ती विचारत गेली. साडेअकरा वाजले. ट्रान्झिस्टर तसाच चालू होता.